दीड-दोन वर्षांच्या मुलाचे बोलणे : आधी काय, मग काय

दीड-दोन वर्षांचे मूल बोलत नाही असे लक्षात आले की घरातले सगळे जण त्याच्याकडून शब्द म्हणवून घेऊ लागतात. ‘म्हण, पाणी. म्हण ना, पा-णी.’ आजी म्हणते, काका म्हणतो, व्हिडिओ कॉलवरून मावशीही म्हणते. मूल आधी गोंधळते, मग तोंड फिरवते आणि काही दिवसांनी ‘म्हण’ हा शब्द ऐकताच उठून निघून जाते. यात कोणाचीही माया कमी पडत नाही. चुकतो तो क्रम. उच्चारलेला शब्द ही या प्रवासातली बरीच उशिरा येणारी पायरी आहे. त्याआधी मुलाला नीट ऐकू यावे लागते, ऐकलेल्याचा अर्थ लागावा लागतो, आणि आपल्या मनातले दुसऱ्याला कळवता येते हे त्याला उमगावे लागते. स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करताना मला जे पालक भेटतात, त्यांच्यापैकी बहुतेकांनी शेवटच्या पायरीवर महिनोन्‌महिने मेहनत घेतलेली असते आणि पहिल्या पायरीकडे कोणाचे लक्षच गेलेले नसते.

पुढील टप्पे साधारण १२ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच करावेत. तयारी आणि पहिला टप्पा कोणत्याही कारणाने वगळू नये.

तयारी : एक वही आणि एक आठवडा

काहीही बदलण्याआधी सात दिवस फक्त नोंद करावी. ‘तो काहीच बोलत नाही’ आणि ‘तिला सगळे येते’ ही दोन्ही विधाने आठवणीतून केलेली असतात आणि दोन्ही बहुधा चुकीची निघतात.

वहीच्या एका पानावर चार रकाने आखावेत : मुलाने काढलेला आवाज जसाच्या तसा, त्यातून त्याला काय म्हणायचे होते, तो कोणापुढे आणि केव्हा काढला, आणि तो आपणहून काढला की कोणाच्या मागून म्हटला. वही स्वयंपाकघरात सर्वांच्या हाताशी ठेवावी, कारण दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या आजीला किंवा पाळणाघरातल्या ताईंना जे शब्द माहीत असतात, ते संध्याकाळी घरी परतणाऱ्या आईवडिलांना पुष्कळदा माहीत नसतात.

शब्द म्हणून काय मोजायचे, याचा नियम सोपा आहे. मूल तो आवाज दरवेळी त्याच अर्थाने आणि आपणहून वापरत असेल, तर तो शब्द आहे. उच्चार शुद्ध असण्याची गरज नाही. पाण्यासाठी नेहमी ‘बू’ म्हणणाऱ्या मुलाला पाण्याचा शब्द येतो. ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘माऊ’, ‘बाऊ’, ‘भुर्र’ हे सगळे शब्दच आहेत. बाबांसाठीही ‘बा’ आणि बाहेर जाण्यासाठीही ‘बा’ असेल, पण प्रसंग वेगळे आणि स्पष्ट असतील, तर ते दोन शब्द धरावेत. याउलट कोणीतरी म्हटल्यावर लगेच मागून म्हटलेला शब्द मोजू नये.

इथे एक चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. मूल व्हिडिओतील इंग्रजी मुळाक्षरे धडाधड म्हणते, दहापर्यंत अंक म्हणते, रंगांची नावे घेते, म्हणून पालक वहीत चाळीस शब्द लिहितात. पण तेच मूल तहान लागल्यावर आईचा हात धरून तिला माठापर्यंत ओढत नेते. पाठ म्हटलेला क्रम ही भाषा नव्हे. जो शब्द दुसऱ्या माणसाला काही सांगण्यासाठी, मागण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी वापरला जातो, तोच या वहीत येईल.

दुसऱ्या पानावर मुलाला काय समजते ते लिहावे आणि तिसऱ्या पानावर त्याच्या खुणा : हात वर करून ‘उचल’ सांगणे, टाटा करणे, मान हलवणे, बोटाने दाखवणे. ही दोन पाने पहिल्या पानापेक्षा महत्त्वाची आहेत. प्रत्येक पानावर तारीख अवश्य घालावी.

आठवड्याअखेर ही वही वयानुसार अपेक्षित असलेल्या पुढील गोष्टींशी ताडून पाहावी. अमेरिकेतील सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये सुधारलेल्या तक्त्यानुसार १८ महिन्यांपर्यंत आई-बाबा सोडून निदान तीन शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी आणि ३० महिन्यांपर्यंत सुमारे ५० शब्द अपेक्षित आहेत. हे सरासरीचे आकडे नव्हेत. चारपैकी तीन किंवा त्याहून अधिक मुले त्या वयापर्यंत जे करतात, ते या तक्त्यात आहे. अनेक मुले दोन वर्षांची होईपर्यंत याच्या कितीतरी पुढे गेलेली असतात. त्यामुळे ‘अजून थोडे मागे आहे, येईल’ असे म्हणण्यास इथे फारशी जागा उरत नाही. मूल दिवस भरण्याआधी जन्मले असेल, तर जितके आठवडे आधी जन्मले तितके वय वजा करून पाहावे; दोन वर्षांपर्यंत ही वजाबाकी योग्य आहे, त्यानंतर नाही.

सावधान : पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली, तर टप्पे करत बसू नये आणि त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटावे. १२ महिन्यांचे मूल ‘बाबाबा’, ‘मामामा’ अशी बडबड करत नाही, खुणा करत नाही किंवा नावाने हाक मारल्यावर वळत नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत आपणहून जोडलेले दोन शब्द नाहीत. आणि वय कोणतेही असो, येत असलेले शब्द किंवा खुणा नाहीशा झाल्या आहेत. या शेवटच्या लक्षणाबाबत ‘थोडी वाट पाहू’ असा सल्ला कोणीही दिला, तरी तो मानू नये.

टप्पा १ : कान तपासून घ्यावेत

‘त्याला ऐकू येते हो, कुकरची शिट्टी झाली की दचकतो,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की हा टप्पा सविस्तर लिहिणे मला कर्तव्य वाटते. मोठा आवाज ऐकू येणे आणि बोलणे स्पष्ट ऐकू येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलाला ‘स’, ‘श’, ‘फ’ असे उंच पट्टीचे, हलके आवाज ऐकू येत नाहीत, तेही दाराच्या आपटण्याला वळते. थाळी वाजवून किंवा पाठीमागून टाळी वाजवून घरी केलेल्या परीक्षेवरून काहीच ठरत नाही. कित्येकदा मूल आवाजामुळे वळत नसून हवेच्या झुळुकीमुळे, जमिनीच्या हादऱ्यामुळे किंवा डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलेल्या सावलीमुळे वळते.

दुसरा गैरसमज असा की जन्मानंतर रुग्णालयात कानाची चाचणी झाली आणि ती ‘पास’ आली, म्हणजे पुढे काळजी नाही. नवजात बाळाची चाचणी त्या दिवसापुरती खरी असते. नंतर झालेला मेंदूज्वर किंवा उशिराने प्रकट होणारी आनुवंशिक कारणे यांमुळे ऐकणे पुढेही कमी होऊ शकते. शिवाय वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचते. मूल रडत नाही, कान वाहत नाही, पण आठवडेच्या आठवडे त्याला बोलणे पाण्याखालून ऐकल्यासारखे अस्पष्ट येते. जन्मानंतर अतिदक्षता विभागात राहिलेली, रक्त बदलावे लागेल इतकी तीव्र कावीळ झालेली, किंवा कुटुंबात लहानपणापासूनचे बहिरेपण असलेली मुले यांची तपासणी तर बोलणे ठीक वाटत असतानाही करावी.

ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे, साधारण तीन प्रकारच्या चाचण्या होतात. ‘ओएई’ या चाचणीत कानात लहान नळी ठेवून आतील कानाचा प्रतिसाद काही मिनिटांत पाहिला जातो. ‘टिम्पॅनोमेट्री’ने पडद्यामागे पाणी आहे का ते समजते. ‘बेरा’ चाचणीत मूल झोपलेले असताना डोक्याला तारा लावून ऐकण्याची नस आणि मेंदूचा खालचा भाग आवाजाला कसा प्रतिसाद देतात ते मोजतात. कोणती चाचणी करायची हे तज्ज्ञ ठरवतील. पालकांनी फक्त तयारी नीट करावी.

तयारीत होणाऱ्या चुका साध्या असल्या, तरी त्यांमुळे फेरी फुकट जाते. बेराच्या दिवशी मुलाच्या डोक्याला तेल लावू नये, कारण तेलकट त्वचेवर तारा नीट चिकटत नाहीत. मुलाला सकाळी लवकर उठवावे आणि केंद्राकडे जाताना गाडीत झोपू देऊ नये, नाहीतर तिथे पोहोचल्यावर ते टक्क जागे राहते. झोपेचे औषध द्यायचे झाल्यास ते केंद्रातच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यावे. सर्दी असल्यास आधी फोन करून सांगावे. अहवालाची मूळ प्रत जपून ठेवावी.

सावधान : कानात तेल, औषधी रस किंवा कोमट काहीही घालू नये. वेखंड उगाळून चाटवल्याने वाचा फुटते, या समजावर विसंबून तपासणी लांबवू नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध तर कोणत्याही निमित्ताने देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

टप्पा २ : घरातला आवाज कमी करावा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांचे होईपर्यंत स्क्रीन नसावी आणि त्यानंतर दिवसातून एका तासापेक्षा अधिक नसावी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिकाही हीच आहे. नातेवाइकांशी होणारा अधूनमधूनचा व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो, पण तो फक्त मुलाच्या हातातील मोबाइलला लावला जातो. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत बैठकीत चालू असणारी मालिका कोणी मोजत नाही. मोठ्या माणसाला गोंगाटातून आपल्याशी बोललेले वाक्य वेगळे काढता येते; दीड वर्षाच्या मुलाला ते फार अवघड जाते, आणि टीव्ही चालू असताना मोठी माणसेही मुलाशी कमी बोलतात.

सगळे एकदम बंद होत नसेल, तर दिवसातील तीन वेळा निश्चित कराव्यात : अंघोळ आणि मालिश, जेवण, आणि झोपण्यापूर्वीची वेळ. या तीन वेळांत टीव्ही, मोबाइल, रेडिओ पूर्ण बंद असावेत. सर्वांत कठीण जाते ते जेवण, कारण मोबाइल समोर नसेल तर घास गिळायचा नाही, अशी सवय लागलेली असते. पहिले चार-सहा दिवस मूल कमी खाईल आणि रडेल. तेवढे दिवस त्याला घरातील इतरांच्या ताटाशेजारी, त्याच्या हाताने खाता येईल असे वरणभात, पोळीचे तुकडे, केळे देऊन बसवावे. मूल आजारी असेल किंवा त्याचे वजन कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच हा बदल करावा.

पडताळणी : सात दिवसांनंतर या तीनही वेळा शांत असतील, तरच पुढे जावे. नसतील, तर पुढच्या टप्प्यांचा उपयोग निम्माही होणार नाही.

टप्पा ३ : समजणे वाढवावे

या टप्प्यात मुलाकडून एकही शब्द मागायचा नाही. मूल ज्याकडे पाहत आहे, त्याच्याकडे आपणही पाहावे आणि त्याबद्दल बोलावे. पालक पुष्कळदा याच्या उलट करतात : मूल पंख्याकडे टक लावून पाहत असते आणि आपण चित्रांचे पुस्तक पुढे करून ‘हा बघ हत्ती’ म्हणतो. त्या क्षणी त्याच्या मनात पंखा आहे, ‘पंखा. पंखा फिरतो. गरगर गरगर,’ एवढे म्हटले की शब्द आणि वस्तू एकत्र पोहोचतात. हत्ती नंतरही येईल.

वाक्ये लहान ठेवावीत, पण मोडकी नकोत. रोजच्या कामांना रोज तेच शब्द वापरावेत. अंघोळीच्या वेळी ‘शर्ट काढू’, ‘पाणी घालू’, ‘पाय दे’, ‘दुसरा पाय दे’, ‘झालं, पुसू’ हा क्रम महिनाभर तसाच राहिला, तर मूल पुढचा शब्द येण्याआधीच पाय पुढे करू लागते. त्याला तो शब्द समजू लागला आहे, याचा हा पहिला पुरावा असतो. मराठीत एक मोठी सोय आहे : आपली रोजची कित्येक आज्ञार्थी क्रियापदे एकाच अक्षराची असतात. दे, घे, ये, जा, खा, पी. ऐकायला सोपी, लगेच कृतीशी जोडलेली आणि दिवसातून पन्नास वेळा वापरली जाणारी. रंग, आकार, अंक यांत वेळ घालवण्याऐवजी ही क्रियापदे आणि घरातील माणसे, वस्तू, अवयव यांची नावे आधी पक्की करावीत.

समजण्याची परीक्षा घेताना आपण नकळत उत्तर सांगून टाकतो. ‘चप्पल आण’ म्हणताना आपली नजर चपलेकडे जाते, बोट वळते, किंवा हातात आधीच पिशवी असते. मूल हुशार असते. ते शब्दाऐवजी आपली नजर वाचते आणि पालकांचा ठाम समज होतो की ‘त्याला सगळे समजते, फक्त बोलत नाही’.

पडताळणी : हात मागे बांधून, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवून, नेहमीच्या वेळेपेक्षा वेगळ्या वेळी ‘चप्पल आण’, ‘बॉल कुठे आहे?’, ‘आजीला दे’ अशा पाच सूचना द्याव्यात. दीड वर्षाच्या मुलाने त्यांपैकी सोप्या तरी पाळाव्यात. एकही पाळली जात नसेल, तर अडचण बोलण्याची नसून समजण्याची आहे आणि ती अधिक काळजीची आहे. अशा वेळी पुढे न जाता तज्ज्ञांकडे जावे.

टप्पा ४ : खुणा थांबवू नयेत, वाढवाव्यात

‘हात दाखवू नकोस, तोंडाने सांग,’ असे म्हणणे ही या टप्प्यातली सर्वांत मोठी चूक आहे. खुणा केल्याने मूल आळशी होत नाही. बोटाने दाखवणे ही बोलण्याआधीची पायरी आहे, आणि जे मूल भरपूर दाखवते त्याला शब्द देण्याची संधीही भरपूर मिळते. त्याने बोट दाखवले की आपण त्या वस्तूचे नाव घ्यावे आणि मगच ती द्यावी.

बोट दाखवण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. एक मागण्यासाठी : बिस्किटांच्या डब्याकडे बोट. दुसरा केवळ दाखवण्यासाठी : आकाशातील विमानाकडे बोट करून मूल आपल्याकडे वळून पाहते, जणू ‘तूही पाहिलेस ना?’ असे विचारते. हा दुसरा प्रकार १८ महिन्यांपर्यंत दिसायला हवा. त्यात वस्तू नको असते, सोबत हवी असते. म्हणून तो दिसत नसेल तर वहीत ठळक नोंद करावी आणि बालरोगतज्ज्ञांना ‘एम-चॅट’ या प्रश्नावलीबद्दल विचारावे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांत स्वमग्नतेची (ऑटिझमची) प्राथमिक चाळणी करण्यासाठी ती वापरली जाते. तिचा निकाल म्हणजे निदान नव्हे.

खुणांची गरज निर्माण करण्याचे काम घरातल्या मोठ्यांना जड जाते, कारण आपल्याकडे न मागता देणे हीच माया मानली जाते. मुलाने ओठ हलवण्याआधीच आजी दुधाचा पेला पुढे करते. आजींना हे सांगताना अतिशय आदराने आणि नेमके सांगावे : ‘आई, तुम्ही पेला हातात धरून फक्त त्याच्याकडे पाहा, मनात पाचपर्यंत मोजा, त्याने काहीही खूण केली की लगेच द्या.’ बिस्किटे घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवावीत, म्हणजे दिसतील पण उघडणार नाहीत. केळे पूर्ण न देता एकेक तुकडा द्यावा. बोटांच्या खेळांत आणि बडबडगीतांत शेवटच्या शब्दाआधी थांबून मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे.

सावधान : ही युक्ती म्हणजे उपाशी ठेवणे नव्हे. मूल रडू लागेपर्यंत वस्तू अडवून धरली, तर ते बोलायला शिकत नाही, रडायला शिकते. हात, नजर, आवाज, काहीही आले की वस्तू तत्काळ मिळाली पाहिजे.

टप्पा ५ : पहिले शब्द

आता, आणि आताच, शब्दांची पाळी येते. तरीही ‘म्हण’ हा शब्द घरातून काढून टाकावा आणि त्या जागी वाट पाहणे आणावे. मुलाच्या उंचीवर बसावे, एक शब्द स्पष्ट म्हणावा आणि मनात पाच ते दहापर्यंत मोजत गप्प राहावे. पालकांना ही शांतता असह्य होते. दोन सेकंदांतच ते शब्द पुन्हा म्हणतात, मग प्रश्न विचारतात, मग स्वतःच उत्तर देतात. लहान मुलाला ऐकलेले समजून तोंडाची जुळवाजुळव करायला आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो. दहा मोजूनही काही आले नाही, तर शब्द एकदा म्हणून वस्तू देऊन टाकावी आणि पुढची संधी पाहावी.

शब्दांची निवडही बहुतेकदा चुकते. पाहुण्यांपुढे म्हणवून घेता येतील असे शब्द निवडले जातात. मुलाला मात्र उपयोगी पडतील असे शब्द हवे असतात. ‘दे’, ‘नको’, ‘अजून’, ‘संपलं’, ‘उघड’, ‘पडलं’, ‘ये’, ‘बघ’ हे शब्द दिवसभरात परिणाम घडवतात. यांतील ‘नको’ला मी विशेष महत्त्व देते. ज्या मुलाला ‘नको’ म्हणता येते आणि ते म्हटल्यावर समोरचा माणूस खरोखर थांबतो, त्याला शब्दाची ताकद कळलेली असते. अंगावर ओरबाडणे, चावणे आणि जमिनीवर लोळणेही त्याने कमी होते. म्हणून मुलाचे पहिले ‘नको’ शक्य तिथे मानावे.

प्रश्नांपेक्षा पर्याय बरे. ‘काय हवं?’ या प्रश्नाचे उत्तर मुलाला स्वतः शोधावे लागते. दोन वस्तू दोन हातांत धरून ‘केळं की बिस्किट?’ विचारले, तर उत्तर त्याच्या कानात नुकतेच पडलेले असते. ‘हे काय आहे? आणि हे?’ अशी उलटतपासणी दिवसातून एक-दोनदापेक्षा अधिक करू नये.

उच्चार कसाही आला तरी तो स्वीकारावा, पण आपण त्याची नक्कल करू नये. मूल ‘दाली’ म्हणाले, तर आपणही लाडाने ‘दाली’ म्हणण्याऐवजी ‘हो, गाडी! गाडी आली,’ असे म्हणावे. ‘भूभू’, ‘माऊ’ यांसारखी बाळबोली मात्र खुशाल वापरावी. दोनदा येणारी अक्षरे मुलाला पकडायला सोपी जातात. शब्द रुळला की ‘भूभू. कुत्रा भुंकतो,’ असे दोन्ही एकत्र ऐकवावे.

पडताळणी : दर दोन आठवड्यांनी वहीच्या पहिल्या पानावर आपणहून वापरलेले नवे शब्द मोजावेत. वेग सुरुवातीला मंद असतो. आठवड्याला एखादाच शब्द वाढला तरी चालेल. सहा आठवडे एकही वाढला नाही, तर मात्र लेखाच्या शेवटी दिलेल्या ठिकाणी जावे.

टप्पा ६ : दोन शब्द जोडणे

साधारण ५० शब्द जमले की जोडणी सुरू होते. त्याआधी तिच्यासाठी ताण देऊ नये. मुलाने एक शब्द म्हटला की त्यात एकाचीच भर घालून तो परत द्यावा. मूल ‘दूध’ म्हणते, आपण ‘दूध संपलं’. मूल ‘बाबा’ म्हणते, आपण ‘बाबा आले’. मूल ‘चप्पल’ म्हणते, आपण ‘आजीची चप्पल’. एका शब्दावर सात शब्दांचे वाक्य दिले, तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही. मोजताना ‘टाटा बाय’ किंवा ‘जय बाप्पा’ यांसारखे एकत्रच पाठ झालेले शब्द जोडणी म्हणून धरू नयेत. ‘बाबा ये’, ‘अजून पाणी’, ‘टोपी नको’ ही खरी जोडणी.

मराठीपुरती एक गोष्ट इथे सांगायला हवी. दिवसभर आईजवळ किंवा आजीजवळ असणारा मुलगा पुढे ‘मी जाते’, ‘मी खाते’ असे म्हणू लागतो आणि घरात हसू तरी होते किंवा टोकणे तरी सुरू होते. तो बरोबर ऐकतो आहे आणि बरोबर उचलतो आहे, कारण त्याच्या कानावर ‘मी’च्या जोडीला ‘जाते’च पडते. त्याला न हसता ‘तू जातोस? जा,’ असे उत्तर द्यावे. वडील, आजोबा, काका यांनी त्याच्याजवळ ‘मी जातो, मी आलो’ असे बोलणे हाच यावरचा उपाय आहे. स्वतःला ‘मी’ न म्हणता नावाने संबोधणे हेही या वयात अगदी साहजिक आहे.

दोन भाषांच्या घरात

घरी मराठी, सांभाळणाऱ्या ताईंशी हिंदी आणि खेळगटात इंग्रजी, असे आज असंख्य मुलांचे आहे. परदेशातील मराठी घरांत तर बोलणे लांबले की ‘मराठी बंद करा’ असा सल्ला हमखास मिळतो. दोन भाषांमुळे भाषाविकास खुंटत नाही. शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्दांची बेरीज करावी, एवढेच पथ्य आहे. आईवडिलांनी जी भाषा त्यांना सर्वांत सहज येते, जिच्यात त्यांना रागावता, लाड करता आणि गोष्ट सांगता येते, तिच्यातच बोलावे. तुटपुंज्या इंग्रजीत बोलणाऱ्या पालकांकडून मुलाला ना चांगले इंग्रजी मिळते, ना भरघोस मराठी.

उच्चारांबद्दल

‘काका’चे ‘ताता’ होणे, ‘र’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येणे हे दोन-अडीच वर्षांपर्यंत चिंतेचे नाही. दोन वर्षांच्या मुलाचे साधारण निम्मे आणि तीन वर्षांच्या मुलाचे सुमारे तीन चतुर्थांश बोलणे परक्या माणसाला कळावे. शब्दच नसणे आणि शब्द अस्पष्ट असणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. जीभ खालून चिकटलेली असल्यामुळे क्वचित काही आवाजांना अडथळा येतो, पण त्यामुळे मूल शब्द शिकतच नाही असे होत नाही. म्हणून न बोलणाऱ्या मुलाची जीभ सोडवून घेण्याची घाई करू नये.

तीन महिन्यांनंतर, किंवा मधेच अडल्यास

सर्व टप्पे नीट करूनही तीन महिन्यांत वहीत समाधानकारक फरक दिसला नाही, तर स्पीच थेरपिस्टची वेळ घ्यावी. ‘मुलगे उशिराच बोलतात’ आणि ‘त्याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले’ ही कारणे पुरेशी नाहीत. मुलगे सरासरीने किंचित मागे असतात, पण वर दिलेली धोक्याची लक्षणे मुलगे आणि मुली दोघांनाही सारखीच लागू आहेत.

खासगी उपचार परवडत नसतील, तर २०१३ पासून चालू असलेल्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा मार्ग आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीसाठी येतात. अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशा ताईंकडे मुलाचे नाव आधीच नोंदवून ठेवावे. तेथून गरजेनुसार ‘डीईआयसी’ या नावाने चालणाऱ्या, मुलांच्या विकासातील अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्हास्तरीय केंद्राकडे पाठवले जाते. मुंबईत वांद्रे येथे वाचा आणि श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कानाची तपासणी आणि वाचोपचार दोन्ही तिथे होतात.

पहिल्या भेटीला जाताना पुढील गोष्टी सोबत न्याव्यात : तारखांसह ही वही, कानाच्या तपासणीचा अहवाल, जन्माच्या वेळची कागदपत्रे आणि माता-बाल संरक्षण कार्ड, आणि मोबाइलवर घेतलेले दोन-तीन मिनिटांचे तीन व्हिडिओ. एक जेवतानाचा, एक एकट्याने खेळतानाचा आणि एक घरच्यांसोबत खेळतानाचा असावा. व्हिडिओ घेताना ‘म्हण, म्हण’ असा आवाज त्यात नसावा. अनोळखी खोलीत मूल पुष्कळदा गप्प बसते आणि थेरपिस्टला त्याचे खरे बोलणे या व्हिडिओतूनच दिसते. शक्य असल्यास दिवसभर मुलाजवळ असणारी व्यक्तीही सोबत असावी, कारण बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिच्याकडेच असतात. भेटीची तारीख महिनाभर पुढची मिळाली, तर तोवर टीव्ही बंद असलेल्या तीन वेळा आणि वहीतील नोंदी तशाच चालू ठेवाव्यात.